जिथवर डबा, तिथवर कॉलेज

ट्रिप जानेवारीतली आणि मे संपत आला. कबूल आहे. मधल्या काळात मी दोनदा बसले होते लिहायला. पहिल्यांदा फोटो शोधता शोधता जुन्या हंपीच्या फोटोंत घुसले ती संध्याकाळीच बाहेर आले, आणि दुसऱ्यांदा शीर्षक सुचेना म्हणून चहा करायला उठले. आई म्हणाली, "राहू दे. तू जाऊन आलीस हे सगळ्या नारायण पेठेला माहितीये. इंटरनेटलाच काय ते कळायचं राहिलंय."

तर आज लिहितेच.

झालं असं की माझी मैत्रीण केतकी, जिच्या कर्वेनगरच्या कॉट बेसिसवरच्या खोलीत मी घरी भांडण झालं की जाऊन झोपायचे, तिला बोरमाळच्या कॉलेजात नोकरी लागली. बॉटनी शिकवते, तासिका तत्त्वावर. म्हणजे जेवढे तास घेतले तेवढेच पैसे. फोनवर ती रोज म्हणायची, "एकदा येऊन बघ गं, इथे अख्खं गाव कॉलेजच्या टाइमटेबलवर चालतं आणि कॉलेज एसटीच्या." बोरमाळ नकाशावर शोधलं, तर बोटाखालीच झाकलं गेलं. त्याच रात्री बॅग भरली.

स्वारगेटहून पहाटेची लोणंद गाडी पकडा. खिडकी डावीकडची घ्या, दिवे घाटात खाली धुक्याचं तळं दिसतं. सासवडला गाडी थांबली की अंजीर घ्यायला उतरू नका. मी उतरले, आणि कंडक्टरने दोनदा बेल मारून माझ्या नावाने नाही तरी माझ्याच उद्देशाने बरंच काही ऐकवलं. लोणंदला गाडी बदलायची. तिथून पुढे रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना ज्वारी, मग माळ, मग बोरीची झाडं, मग अजून माळ. आम्हा बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे दोन्ही गाड्यांचं मिळून आपल्याकडच्या एका कॅफेतल्या कॉफीपेक्षा कमीच झालं.

बोरमाळ! स्टँडवर उतरले आणि मला कळेना आधी कुठे बघू. एकच रस्ता. त्याच्या एका टोकाला स्टँड, दुसऱ्या टोकाला कॉलेज, आणि मध्ये जे काही आहे ते सगळं विद्यार्थ्यांसाठी. झेरॉक्स, नोट्स, वडापाव, ओढण्यांचं दुकान, पोलीस भरतीची अकादमी, आणि एक फोटो स्टुडिओ, जिथे पदवीचा काळा गाऊन आणि चौकोनी टोपी भाड्याने मिळते. पाठीमागे पडद्यावर रंगवलेली इमारत बघून मी विचारलं, हे कुठलं कॉलेज? स्टुडिओवाले म्हणाले, "कुठलं का असंना ताई, आईबापाला मोठं दिसलं पाहिजे."

मी तिथेच रमले असते, पण पोटात कावळे ओरडत होते. केतकीला फोन केला. ती कुजबुजत म्हणाली, "प्रॅक्टिकल चालू आहे. मी वाडीवरच्या एका काकूंकडे डबा लावलाय, तो स्टँडवर आला असेल, निळ्या फडक्यातला. तो घेऊन रूमवर जा आणि खा, मी कॅन्टीनमध्ये खाईन. किल्ली घरमालकिणीकडे."

आता हा डबा प्रकार समजून घ्या, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आजूबाजूच्या वाड्या-वस्त्यांवरची पोरं बोरमाळला हॉस्टेलवर किंवा खोल्या घेऊन राहतात. सकाळच्या एसटीने त्यांच्या घरून डबे येतात. ड्रायव्हरच्या शेजारी रचलेले, कापडात बांधलेले. स्टँडवर चौकशीच्या खिडकीखाली दगडी कट्टा आहे, त्यावर ते ओळीने मांडले जातात. नाव नाही, चिठ्ठी नाही, राखण नाही. ज्याने त्याने आपलं फडकं ओळखून उचलायचं. संध्याकाळच्या गाडीने डबे परत.

मी निळं फडकं उचललं. रूमवर जाऊन गाठ सोडली. बाजरीची भाकरी, पिठलं, मिरचीचा खर्डा आणि वर ठेवलेला गुळाचा खडा. पिठलं थंड झालेलं, पण असं की बोटं चाटून झाल्यावर मी झाकणही पुसून खाल्लं.

दुपारी केतकी आली. तिच्या हातात निळं फडकं.

"तू डबा का नाही नेलास गं? तिथेच पडला होता."

मी माझ्यासमोरच्या निळ्या फडक्याकडे बघितलं. केतकीनेही बघितलं. "हा तर सुवर्णाचा," ती म्हणाली आणि खाटेवर बसली. "अगं, गेल्या कित्येक वर्षांत या कट्ट्यावरून डबा गेलेला नाही."

स्टँडवर बातमी आमच्या आधी पोचली होती. खिडकीतले कंट्रोलर काका मला नखशिखान्त न्याहाळत म्हणाले, "ताई, इथं गाडी चुकते, ड्रायव्हर चुकतो, टाइमटेबल तर रोजच चुकतं. डबा चुकत नव्हता. पुण्याहून आलात नाही का?" पुणेरी टोमणा आमच्याकडून शिकून आम्हालाच परत.

सुवर्णा कॉलेजच्या कडुलिंबाखाली मैत्रिणींत बसली होती. केतकीची थर्ड इयरची विद्यार्थिनी. मी सॉरी सॉरी करत पुढे झाले.

"पिठलं होतं ना?" तिने शांतपणे विचारलं.

"हो."

"कसं झालं होतं?"

"एकदम भारी!"

"बरं. मला कळायला काही मार्ग नव्हता, म्हणून विचारलं."

सगळ्या पोरी फिस्सकन हसल्या, मग तीही. तिला वडापाव खाऊ घातला, दोन. खाता खाता ती बोलती झाली. तिला पुढे एम.एस्सी. करायचंय. बोरमाळला ते नाही, पुण्याला यावं लागणार. मार्क आहेत, वडील तयार आहेत. अडलंय आईपाशी.

"आईचा नियम आहे, ताई. जिथवर डबा पोचतो तिथवर शिकायचं. करंजवाडीची गाडी बोरमाळपर्यंत येते, म्हणून मी बोरमाळपर्यंत."

मी हसले. ती हसली नाही.

संध्याकाळी डबा परत करायचा होता. मी चकाचक घासून आणला तर केतकी माझ्यावर डाफरली. "रिकामा डबा परत पाठवतेस? लाज काढशील माझी." मग माझ्या बॅगेतली बाकरवडी त्यात भरली, आणि ड्रायव्हरदादांकडे तोंडी निरोप दिला की चुकून झालं, माफी असावी.

दुसऱ्या दिवशी गाडी आली ती एक डबा जादा घेऊन. ड्रायव्हरदादांनी हॉर्नवर हात ठेवून स्टँडभर ऐकू जाईल असं विचारलं, "चोर कोण हाय? शालनबाईंनी डबा दिलाय, आन सांगितलंय चोराला परतीच्या गाडीत घालून आणा म्हणून."

एवढं मानाचं आमंत्रण मला आजवर कुणी दिलेलं नाही. संध्याकाळी मी रिकाम्या, म्हणजे रिकाम्या नसलेल्या डब्यांच्या शेजारी बसून करंजवाडीला निघाले. कुणाच्या डब्यात पेरू, कुणाच्या नुसती साखर, एकात तर वर्गात मिळालेलं बक्षिसाचं पेन. वाटेत प्रत्येक फाट्यावर एक बाई उभी. ड्रायव्हर वेग कमी करतो, हात बाहेर येतो, डबा हातात पडतो, गाडी पुढे. मी फोटो काढायचे विसरले, इतकी बघत राहिले.

शालनकाकू म्हणजे सुवर्णाची आई. उंच, काटक, डोक्यावर पदर, आणि नजर अशी की मी आपोआप चपला सरळ रेषेत काढल्या. चुलीपुढे बसवलं. समोर ताट.

"खा. आजचं तुझंच हाय, भ्यायाचं काम न्हाय."

गरम पिठलं! थंडही भारी होतं, पण हे म्हणजे... जाऊ दे, तुम्ही जा आणि चोरी करा.

जेवता जेवता मी विषय काढला. मध्ये नाक खुपसायचं माझं जुनं कौशल्य. "काकू, पुण्याला काही अडचण नाही हो. कर्वेनगरला दर चार घरांआड पाटी आहे, डबा मिळेल. पोळी-भाजी, वरण-भात, पाहिजे ते मिळतं."

"मिळंल का ते न्हाय," काकू भाकरी थापतच म्हणाल्या. "पोचंल का, ते इचारतीया."

"म्हणजे?"

"मी मामाच्या गावाला ऱ्हाऊन साळंत जायची. मामी वाढायची, उपाशी न्हाय ठेवलं कधी. पर ताट असं सरकवायची..." त्यांनी परात जमिनीवरून माझ्याकडे ढकलली. तिचा तो खरखर आवाज. "सातवीतनं पळून आले. दुसऱ्याच्या ताटावर शिकशान हुत न्हाय, बाय. पोटात जातंय, पर डोक्यात जात न्हाय. तवाच ठरिवलं, माझ्या लेकीला घरचा डबा पोचंल तिथवर ती शिकंल. पुण्याला कसा पोचायचा? तीन गाड्या. आन उन्हाळ्यात पिठलं दुपारपत्तुर सुदीक टिकत न्हाय."

मी म्हटलं, "मी स्वारगेटला जाऊन घेईन ना. तिला नेऊन देईन."

काकू पहिल्यांदा हसल्या. "दुसऱ्याचा डबा खानारीच्या हातात डबा द्यायचा व्हय?"

ओटीवर बसलेले सुवर्णाचे वडीलसुद्धा हसले. मग काकूंनी विचारलं, "तू काय शिकलीस गं?"

"कॉलेज सेकंड इयरला सोडलं."

"घर कॉलेजापासनं लांब हुतं?"

"नाही. चालत जायचे."

"डबा हुता?"

"होता. आई रोज द्यायची."

"मंग?"

मी पिठल्यात भाकरीचा तुकडा फिरवत बसले. त्यांनी ताटात अजून एक भाकरी टाकली आणि विषय सोडून दिला.

सकाळी डब्यांच्याच गाडीने परतले आणि पुढचे दोन दिवस बोरमाळमध्येच भटकले. पहाटे मैदानावर भरतीची पोरंपोरी धावत असतात, वाफा सोडत, आणि त्यांच्या पाठोपाठ गावची कुत्री. पहिला तास बेलवर नाही, गाडीवर सुरू होतो. गाडी पंक्चर असली तर प्राचार्य फाटकाशी उभे राहून रस्त्याकडे बघतात, लग्नात नवरदेवाची वाट बघावी तसे. शनिवारी दुपारी पोरं गावी गेली की रस्ता असा रिकामा होतो की झेरॉक्सवाला मशीनवरच डोकं टेकून झोपतो. राहायचं असेल तर लॉज नाही, ओळख काढा. खाणावळी दोन, दोन्ही बऱ्या. पण कट्ट्यावरून काही उचलू नका.

निघताना सुवर्णा स्टँडवर आली होती. मी माझा नंबर दिला, आईलाही द्यायला सांगितला. ती म्हणाली, "तिने आजवर बोरमाळचा स्टँड ओलांडलेला नाही, ताई. ती कशाला फोन करेल?" आणि मला बोरांची पुडी दिली. बोरं सासवडपर्यंत संपली.

घरी आल्याच्या दुसऱ्या दिवशी बाहेर निघताना आईने नेहमीसारखा डबा पुढे ठेवला. कधी नव्हे ते मी तो उघडून नीट बघितलं. मेथीची भाजी होती. आजवर किती डबे पोचले माझ्यापर्यंत, आणि मी कुठवर पोचले, असलं काहीबाही डोक्यात आलं. संध्याकाळी आईला म्हटलं, भाजी छान झाली होती. ती म्हणाली, "बरं नाही का वाटत तुला?" रिकामा डबा मी खोबऱ्याच्या वड्या घालून परत दिला. तिने झाकण उघडलं, माझ्याकडे बघितलं, आणि काहीच टोमणा मारला नाही. बोरमाळचं एवढं एक माझ्याकडे राहिलंय. बहिःस्थ बी.ए.ची चौकशीही करून आले परवा, पण त्याचा गाजावाजा नको.

हे इथवर लिहिलं आणि फोन वाजला. अनोळखी नंबर. मागे गाड्यांचा कल्ला.

"पुन्याची चोर का? शालन बोलतीया, करंजवाडीची. ह्या कंडक्टरचा फोन हाय."

"काकू! कुठून बोलताय?"

"सवारगेट. पहाटं भाकऱ्या थापल्या, पिठलं घाटलं, आन निघाले. दोनदा गाडी बदलली. ऊन लई हाय."

"सुवर्णा आहे बरोबर?"

"न्हाय. तिला सांगितलंच न्हाय. आंबलं असंल तर उगा कशाला आशा लावायची? डबा अजून उघडला न्हाय. तुझ्याम्होरं उघडनार हाय. बिगी ये."

पोस्ट तपासायला वेळ नाही, चुका असतील त्या असू द्या. आईने आतून विचारलं, "कोण आलंय गं?"

"डबा आलाय," म्हटलं आणि चपला घातल्या.