काकीचं पिवळं तूस

इंदूकाकी गेल्याचा फोन आला तेव्हा मी तिलाच भेटायला निघालो होतो, रत्नागिरीच्या स्टँडवर एसटीची वाट बघत उभा होतो. फोन तिच्या सुनेचा, शैलावहिनीचा. "भावजी, आई गेल्या... चहा प्यायल्या, आडव्या झाल्या, त्या उठल्याच नाहीत." गाडीत बसल्यावर रडू येईल असं वाटलं होतं, पण डोळ्यांसमोर आली ती पदर खोचून डोंगर उतरत धावणारी काकी, आणि खरं सांगतो, हसूच आलं.

आमची वाडी सह्याद्रीच्या उतारावर आहे. माथ्यावर सपाट कातळ, त्याला आम्ही सडा म्हणतो. काही वर्षांपूर्वी तिथल्या माझ्या वाटणीच्या तुकड्यात मला मशीन लावून कातळ फोडून, माती टाकून आंब्याची कलमं लावायची होती. मधोमध कातळाला एक भोक होतं, ते बुजवायचं ठरवलं होतं. वाडीचा एकुलता झरा तेव्हा होळीलाच आटायचा. पूर्वी मुरत पडणारा पाऊस आता दोन दिवसांत कोसळतो आणि वाहून जातो, मग बायका हंडे घेऊन दरीत उतरायच्या. माझा बेत कळल्यावर काकी म्हणाली, "बाबू, ते भोक बुजवू नको हां. झऱ्याला पानी तिथनंच जातं."

"झरा पार पलीकडच्या अंगाला आहे, काकी. कशावरून?"

"दावते तुला."

श्रावणातल्या एका सकाळी तिने पोतंभर भाताचं तूस हळदीत रंगवून सड्यावर आणलं. भोकात पाणी गरगरत शिरत होतं, त्यात तिने पोतं रिकामं केलं. क्षणात सगळं गडप! मग ती जी धावत सुटली... सत्तरीची बाई पुढे, मी मागे. झऱ्यावर अर्धी वाडी जमली. तास गेला, दोन गेले, काही नाही. "हे बघ काकी," मी सुरुवात केली. "गप. पान्याकडे बघ." आणि आला! एक पिवळा कण, मग दोन, मग पसाभर पिवळं तूस तरंगत आलं. काय आरडाओरडा झाला! सगळ्यांत मोठ्याने मीच ओरडत होतो, आणि सगळ्यांत जास्त लाजही मलाच वाटत होती. तळहातावर तो ओला कण घेऊन तिथूनच मी मशीनवाल्याला फोन लावला आणि नको म्हणून सांगितलं.

दिवाळीनंतर आम्ही भोकाभोवती गाळ अडवायला दगड रचले, पाणी थबकावं म्हणून सड्यावर आडवे चर खणले. काकी छत्री घेऊन कातळावर बसायची, चुकलेला चर पुन्हा खणायला लावायची. माझी कलमं लावायची राहिली ती राहिलीच. झरा मात्र पुढच्या पावसाळ्यानंतर गुढीपाडव्यापर्यंत टिकला, त्याच्या पुढच्या वर्षी त्याहून पुढे.

काकीचं तेरावं ऐन मे महिन्यात आलं. मुंबईची सगळी माणसं आलेली, घर भरलेलं. मी सवयीने शैलावहिनीला विचारलं, टँकरला कुणाला फोन करू?

"टँकर कशाला, भावजी? पानी आहे हो. लागेल तेवढं घ्या."

मे महिन्यात आमच्या वाडीत असं कुणी म्हणालेलं मी जन्मात पहिल्यांदा ऐकलं.