साडेतीन टनांची गाडी आणि चार पेट्या

मुलाबाळांच्या मागे परदेशी आलेल्या आणि शाळेची पायरी कधी न चढलेल्या आम्हा पाच-सहा वृद्ध बायकांना सुलेखाताई जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग येथे दर शनिवारी आपल्या स्वयंपाकघरात अक्षरे शिकवीत असत. त्या वर्गामुळे त्यांचे यजमान श्यामकांत यांचा आणि माझा परिचय झाला. मी स्वतः वाचलेला पहिला शब्द त्यांच्या मधाच्या बरणीवरच्या चिठ्ठीवर होता. पुढील हकिकत त्या दोघांनी निरनिराळ्या शनिवारी सांगितली असून ती लिहिण्यास दोघांचीही संमती आहे.

श्यामकांत मूळचे इस्लामपूरचे. जर्मनीत आल्यावर अठ्ठावीस वर्षे त्यांनी एकच काम केले. मालवाहू गाड्यांचे मागचे अ‍ॅक्सल, म्हणजे चाके फिरवणारे दातेरी चक्रांचे आस, चाचणीशाळेतल्या यंत्रावर बसवायचे आणि ते मोडेपर्यंत फिरवायचे. चक्राचा कोणता दात कधी तुटणार हे ते डोळे मिटून, नुसत्या आवाजावरून सांगत. तुटला की ते कागदावर वजन लिहीत, वेळ लिहीत, खाली सही करीत. त्या सहीवर कोणी शंका घेतल्याचे कोणाला आठवत नाही.

निवृत्त झाल्यावर त्यांनी मधमाश्या पाळल्या. दोन पेट्यांच्या चाळीस झाल्या. गावाभोवतीची लिंडेनची झाडे जुलैच्या मध्यापर्यंत फुलून संपतात, आणि मग चहूकडे कापलेल्या गव्हाची नुसती खुंटे उरतात. माशीला खायला काही राहत नाही. म्हणून दरवर्षी ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात ते सगळ्या पेट्या नव्वद किलोमीटरवरच्या ल्युनेबुर्गर हाइडेवर नेत. त्या माळरानावर तेव्हा जांभळी फुले येतात आणि तीन आठवड्यांत ओसरतात. तेवढ्या दिवसांत माश्या तिथे पोहोचल्या नाहीत, तर त्यांना साखरेचे पाणी पाजून जगवावे लागते. साखरेवर जगवलेली माशी श्यामकांतांना पाहवत नसे.

त्यांच्या जुन्या गाडीची चौकट गंजून गेली आणि ती तपासणीत बाद झाली, तेव्हा नवी गाडी घ्यायची ठरली. हाइडेवरचा शेवटचा रस्ता वाळूचा आणि अरुंद आहे. तिथे ट्रेलर वळत नाही. चाळीस पेट्या म्हणजे चौदाशे किलो, ते सगळे गाडीच्याच पाठीवर बसायला हवे होते. म्हणून त्यांनी अमेरिकन बनावटीचा हेवी-ड्यूटी पिकअप घ्यायचे ठरवले आणि काय काय हवे ते एका कागदावर लिहून ठेवले. दोन माणसांची साधी केबिन. मागे सपाट फळ्यांचा प्लॅटफॉर्म. यादीतले सर्वांत लहान पेट्रोल इंजिन. मागचा अ‍ॅक्सल चार पूर्णांक तीनचा, म्हणजे चाकाच्या एका फेऱ्यासाठी इंजिनाकडून येणाऱ्या दांड्याचे चार फेरे आणि वर थोडे. गाडी धावत नाही, पण ओझे घेऊन मुंगीच्या चालीने जाते. मागची दोन्ही चाके एकत्र बांधणारे लॉक. पायाखाली रबर, गालिचा नको.

त्यांचे जावई सुमित हॅम्बर्गला आयटीत आहेत. अशा गाड्या आणून देणारा एक माणूस त्यांच्या ओळखीचा होता, तेव्हा सगळी व्यवस्था आपण करतो असे त्यांनी आपण होऊन सांगितले. फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते आणि त्यांची बायको, श्यामकांतांची मुलगी वैभवी, ब्राउनश्वाइगला आले, पोह्यांच्या ताटल्या बाजूला सरल्या आणि टेबलावर लॅपटॉप उघडला गेला.

"बाबा, तो कागद राहू द्या," सुमित म्हणाले. "आपण टॉप मॉडेलपासून सुरू करू आणि नको ते काढत खाली येऊ."

सुमित खाली आलेच नाहीत.

"इंजिन डिझेल. तेराशे न्यूटन मीटर टॉर्क आहे बाबा. अख्खं घर ओढून नेईल."

"घर कुठे न्यायचंय, सुमितराव? माश्या न्यायच्यात."

वैभवी खो खो हसली. श्यामकांत हसले नाहीत. ते डिझेल इंजिन पेट्रोलपेक्षा तीनशे किलोने जड होते, आणि ते सगळे ओझे पुढच्या चाकांवर येणार होते. शिवाय एरवीच्या दहा-दहा किलोमीटरच्या फेऱ्यांत त्याची काजळी गाळणारी जाळी तुंबते. हे त्यांनी सांगायला सुरुवात केली. "गेनाऊ, गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर, असे जर्मनमध्ये म्हणत सुमितनी डिझेलवर खूण केली.

मग अ‍ॅक्सल आला.

"चार पॉइंट तीन? अहो बाबा, अ‍ॅव्हरेज काय देईल ती! तीन पॉइंट चार घेऊ. ऑटोबानवर इंजिनाचा आवाजसुद्धा येणार नाही."

श्यामकांतांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "सुमितराव, पेट्या घेतलेली गाडी निघाली कधी, हे माशीला कळता कामा नये. हिसका बसला की पोळं तुटतं. खाली राणी असली तर चिरडते. त्यासाठी खालचा गिअर लागतो. अ‍ॅव्हरेज बघून अ‍ॅक्सल निवडायचा नसतो."

"आता दहा गिअरचा ऑटोमॅटिक आहे बाबा. सगळं सॉफ्टवेअर बघतं."

अठ्ठावीस वर्षे मोडलेल्या दातांच्या पेट्या ज्यांनी हाताळल्या, त्यांनी हे वाक्य ऐकून चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. ते बोलणार, तोच टेबलाखाली सुलेखाताईंचा पाय त्यांच्या पायावर पडला. चहाचे निमित्त करून दोघे स्वयंपाकघरात गेले.

"अहो, जावई आहेत. तीन रविवार घातलेत त्यांनी यात."

"मी अठ्ठावीस वर्षं घातलीत."

"माझ्या वडिलांनी तुमच्या तोंडावर कधी नाही म्हटलं होतं?"

"नाही."

"तुम्ही त्यांच्या विहिरीवर चुकीचा पंप बसवलात तेव्हासुद्धा?"

श्यामकांतांनी चहाचे कप ट्रेमध्ये ठेवले. चहा घेऊन ते बाहेर आले, खुर्चीवर बसले आणि पुढचा अर्धा तास पडद्याकडे पाहत राहिले. चार दारांची लांब केबिन आली, कारण सुट्टीत वैभवी आणि सुमित त्याच गाडीने फिरायला जाणार होते. लांब केबिनमुळे मागचा भाग आखूड झाला. प्लॅटफॉर्म गेला आणि त्याच्या जागी विजेवर उघडणारे झाकण असलेला चकचकीत हौदा आला. बसणाऱ्याचे ढुंगण चोळून देणाऱ्या चामड्याच्या खुर्च्या आल्या. दार उघडले की आपोआप बाहेर येणारी क्रोमची पायरी आली. छताला काच आली, आणि काच घेतली की मागच्या चाकांचे लॉक मिळत नव्हते, म्हणून लॉक गेले. एकेका खुणेसरशी पडद्यावरची गाडी गोल फिरून दाखवत होती. नटव्या माणसाने आरशासमोर मागून-पुढून स्वतःला न्याहाळावे तशी ती फिरत होती, आणि श्यामकांतांना तिची शिसारी आली.

"आल्झो, तर मग एक शेवटचं," सुमित म्हणाले. "कागदोपत्री हिचं मालासकटचं कमाल वजन कमी करून साडेतीन टनांवर नोंदवू. म्हणजे माझ्या लायसन्सवर मलाही चालवता येईल, आणि ऑटोबानवर ट्रकवाली ऐंशीची मर्यादा लागणार नाही. तुमचं लायसन्स जुनं आहे, साडेसात टनांचं. आम्हा नव्या लोकांना साडेतीनच."

श्यामकांतांच्या डोक्यात बेरीज आपोआप झाली. डिझेल, काच, चार दारे, खुर्च्या, पायऱ्या. रिकामी गाडीच चालक धरून सव्वातीन टनांच्या वर जाणार होती. साडेतीनमधून ते वजा केले की पेट्यांसाठी काय उरते, हे त्यांना त्या क्षणी स्पष्ट दिसले. सुमितच्या चेहऱ्यावर लहान मुलासारखा आनंद होता. वैभवी वडिलांकडे कौतुकाने पाहत होती.

"बरं," श्यामकांत म्हणाले, आणि त्यांनी स्वतःच्या बोटाने बटण दाबले.

त्या एका शब्दाची किळस त्यांना पुढे सहा महिने पुरली. सकाळी दात घासताना ती येई, पेट्या उघडताना येई. गाडीची निवड सुमितनी केली नव्हती. ती आपण केली, असे ते सुलेखाताईंना म्हणत. ज्याला कळत नाही त्याने चुकीचा अ‍ॅक्सल निवडला तर ते अज्ञान आहे. ज्याला कळते त्याने भिडेपोटी मान डोलावली तर त्याला काय म्हणावे, असे ते विचारीत, आणि सुलेखाताई विषय बदलीत.

जुलैच्या अखेरीस गाडी आली. श्यामकांत तिला सरळ धान्याच्या गोदामातल्या वजनकाट्यावर घेऊन गेले. काटेवाल्याने खिडकीतून आकडा सांगितला. चालक आणि भरलेली टाकी धरून तीन हजार दोनशे पंचाहत्तर किलो.

"म्हणजे दोनशे पंचवीस किलो राहिले," काटेवाला म्हणाला. "काय नेणार हिच्यातून?"

"मधमाश्या."

"मग त्यांना उडतच जाऊ द्या," तो म्हणाला आणि खिडकी लावून घेतली.

एक पेटी पस्तीस किलोची. म्हणजे एका खेपेला सहा. गाडीची नोंद पुन्हा पूर्ण वजनावर करून घ्यावी, तर तपासणीची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली; तोवर फुले ओसरली असती. गाड्या भाड्याने देणारे माश्यांचे नाव काढताच फोन ठेवीत. सुमितनी हॅम्बर्गहून फोनवर तोडगा सांगितला.

"वीस-वीस टाका बाबा. गाडीला काय होतंय? ती मुळात साडेचार टनांची आहे. कोण बघतंय?"

"कागदावर आपणच लिहून दिलंय, सुमितराव," श्यामकांत म्हणाले. आपण सही केलेला आकडा आपणच खोटा ठरवायचा, या कल्पनेने त्यांचे तोंड कडू झाले. सहाच्या हिशेबाने सात खेपा, म्हणजे सात पहाटा. फुलांचा तिसरा हिस्सा त्यात वाया जाणार होता. तरी उरलेल्या दोन हिश्शांवर माश्या जगल्या असत्या. त्यांनी तयारी केली.

पहिल्या खेपेच्या आदल्या संध्याकाळी सुमित येऊन हजर झाले. गाडी त्यांना स्वतः चालवायची होती. सुलेखाताईंनी नवऱ्याकडे पाहिले. जावयाला नाही कसे म्हणायचे? श्यामकांतांनी जावयाच्या वजनाचा मनात अंदाज घेतला आणि सहातल्या दोन पेट्या यादीतून कमी केल्या.

पहाटे साडेचारला त्यांनी चार पेट्यांची तोंडे बंद केली आणि त्या हौद्यात पट्ट्यांनी आवळल्या. हौदा आणि केबिन मिळून पाच मीटरांपेक्षा लांब असलेल्या त्या धुडात चार पेट्या हरवल्यासारख्या दिसत होत्या. वाटेत दोनदा थांबावे लागले, कारण विजेवरचे झाकण आपोआप बंद होऊ पाहत होते आणि ते पेट्यांवर बसले असते. हाइडेवर पोहोचेपर्यंत साडेसात वाजले आणि ऊन चढू लागले.

वाळूचा रस्ता सुरू झाला. पुढची जड चाके आधी रुतली. सुमितनी अ‍ॅक्सिलरेटर दाबला. क्षणभर काहीच झाले नाही, आणि मग सगळी ताकद एकदम आली. गाडीने हिसका दिला, मागचे एक चाक गरगर फिरले आणि खाली गेले. हौद्यातून गुंजारव चढला. तो आवाज श्यामकांतांना मणक्यात जाणवला.

"थांबवा."

"एकदाच बाबा, थोडा मोमेंटम मिळाला की..."

दुसरा हिसका बसला. हौद्यातून काहीतरी फुटल्याचा बारीक आवाज आला. तो पोळ्याचा होता. कोणत्या पेटीतला, हेसुद्धा त्यांना कळले.

"सुमितराव, इंजिन बंद करा."

गाडी पोटावर टेकली होती. ओढून नेणाऱ्यांनी फोनवर दोन तास सांगितले. पेट्या ठेवायची जागा चारशे मीटर पुढे होती. बंद पेटी उन्हात राहिली की आतल्या माश्या घाबऱ्या होतात, मेण मऊ पडते, पोळी ढासळतात, आणि अर्ध्या तासात अख्खी वसाहत गुदमरून मरते. तिथेच रस्त्यात तोंडे उघडावीत, तर त्या वाटेने घोडेस्वार आणि फिरणारी माणसे जात होती. चार वसाहती म्हणजे जवळजवळ दीड लाख जीव, आणि त्यांना वाचवायला अर्धा तास.

सुमित खाली उतरले. त्यांच्यासाठी क्रोमची पायरी घरंगळत बाहेर आली आणि वाळूत अर्ध्यावर अडकून कुरकुरत राहिली. त्यांच्या पायांत पांढरेशुभ्र बूट होते. इंजिन बंद असूनही खुर्ची अजून गुरगुरत होती. श्यामकांतांनी तिच्याकडे पाहिले, पायरीकडे पाहिले, वाळूत रुतलेल्या त्या अ‍ॅक्सलकडे पाहिले, आणि त्यांना आतून इतका उबग आला की थुंकावेसे वाटले. पण तोंड कोरडे पडले होते.

"बाबा, सॉरी," सुमित म्हणाले. "तुम्ही तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं."

"हो," श्यामकांत म्हणाले. "म्हणायला हवं होतं."

त्यांनी सर्वांत जास्त आवाज करणारी पेटी हौद्याच्या कडेला ओढली, तिच्यावर तळहात ठेवून आतली ऊब पाहिली, आणि केबिनमधली जाळीची टोपी व जादा हातमोजे काढून जावयापुढे धरले.

"सुमितराव, हे घाला," ते म्हणाले, "आणि ही पेटी पलीकडून धरा."