वाठोरे सरांनी मोजायला लावलेला फोटो

आदरणीय वाठोरे सर पंच्याहत्तरीत पदार्पण करीत आहेत. त्यांची माझी पहिली भेट आदिलाबादच्या कॉलेजात, संगणकाच्या पहिल्या तासाला झाली. जैनथची बस चुकल्यामुळे मी उशिरा पोचले होते. सर म्हणाले, "बस गेली तं गेली, आता दारात काऊन उभी?" तेव्हापासून मी त्यांची विद्यार्थिनी आहे.

पुढे त्याच कॉलेजात मी नोकरीला लागले. परीक्षेच्या अर्जांसाठी दोन प्रोग्राम लिहिले. पहिला विद्यार्थ्याची माहिती बाहेर टाकायचा, दुसरा ती आत घेऊन अर्ज भरायचा. नावांच्या यादीवर तपासले, झकास चालले. फोटोंवर तपासलेच नाहीत, हा माझा अतिशहाणपणा! शेवटच्या दिवशी दुपारी पाहते तर एकही फोटो धड नाही. पाच वाजता अर्ज बंद होणार होते. नार्नूरची विद्यार्थिनी सुनीता समोर बसली होती, तिची ही शेवटची संधी.

सर निवृत्त झाले होते, तरी निरोप मिळताच ऑटोने आले. कीबोर्डला त्यांनी हातही लावला नाही.

"मोज. आधी केवढा होता, बाहेर पडून केवढा झाला?"

फोटोची फाइल चक्क वाढली होती.

"घरून निघालेला कापूस जिनिंगात वजनानं वाढला, तं काय समजावं?"

"पाणी मारलं, सर."

"मंग? इथं कोण मारून राह्यलं?"

तेव्हा डोक्यात उजेड पडला. पहिल्या प्रोग्रामचं आउटपुट टेक्स्ट मोडमध्ये, म्हणजे साध्या मजकुराच्या पद्धतीत होतं. ओळ संपल्याची खूण दिसली की आमचा संगणक तिच्याआधी आणखी एक खूण घालायचा. यादीत ते खपलं, पण फोटोचा प्रत्येक बाइट जसाच्या तसा लागतो. आउटपुट बाइटला हात न लावणाऱ्या बायनरी मोडवर नेलं, पुन्हा चालवलं, आणि सुनीताचं नुसतं कपाळ दिसलं! साडेचार वाजले होते. मला रडू फुटलं.

"रडून काऊन राह्यली? एकच टोक पाह्यलं तू. घेणाऱ्याचं?"

दुसऱ्या प्रोग्रामचं इनपुटही टेक्स्टमध्येच होतं. फोटोतला एक बाइट म्हणजे मजकूर संपल्याची खूण, असं समजून तो तिथंच थांबायचा. तेही बदललं. सुनीताचा अख्खा चेहरा आला, हनुवटीवरच्या तिळासकट. पाचच्या आत सगळे अर्ज गेले.

अर्ज अडकले होते हे कळून प्राचार्य संतापून आले, माझ्या नोकरीवरच बेतलं होतं. सर पुढे झाले. "पोरीची चूक नाई. हे म्याच शिकवलं नव्हतं."

शिकवलं होतं. माझ्या वहीत होतं, मीच उघडून पाहिलं नव्हतं. हे मी आज पहिल्यांदा सांगते आहे.

सुनीता आता त्याच कॉलेजात शिकवते. सर, आपणांस निरोगी शंभर वर्षं लाभोत, आणि विद्यार्थ्यासाठी असं एक खोटं बोलायची हिंमत आम्हा दोघींनाही मिळो.