माझ्या नातीचं नाव, शेठची भिंत

"तुही फ्रेम बोलते काय भिंतीवरून? मंग तू काऊन बोलून राह्यली?"

मेडिकलवाला शेठ माझ्या नातीले असं बोलला. संग्रामपुरात, बाजाराच्या दिवशी, भर गिऱ्हाइकात.

तिचा गुन्हा एवढाच. एका पोटुशा बाईनं कंबर दुखते म्हणून गोळी मागितली. कामावरच्या माणसानं काही न विचारता पट्टी तोडून दिली. नात काउंटरच्या बाहेर माझ्याजवळ उभी होती. ती म्हणाली, ताई, अशात ही गोळी घेऊ नका, आधी डॉक्टरले विचारा. बस.

लोक हसले. शेठले आणखी जोर आला. माझ्याकडं बोट करून म्हणाला, "बुढ्या, घरी ने हिले. हिच्या कागदाचं भाडं भेटते ना तुले?"

भेटत होतं. खोटं नव्हतं ते.

नात फार्मसी शिकली. मेडिकल चालवायले शिकलेला माणूस लागते, त्याचा सरकारी कागद फ्रेम करून भिंतीवर लागते. शेठजवळ दुकान होतं, कागद नव्हता. तो आमच्या मळ्यात आला. खाटेवर बसला, चहा प्यायला, मले 'बाबाजी' म्हणाला. याच माणसानं उभा जन्म माझी भाजीची टोपली पायरीखाली ठेवायले लावली होती. पोरीले यायची गरज नाही म्हणाला, नुसता कागद द्या.

नात म्हणाली, "आबा, मले दुकानात उभं राह्याचं हाये. मी त्याच्यासाठीच शिकली."

मी म्हणलं, घरबसल्या भेटते तं उभं काऊन राह्याचं? घरात माझा शब्द चालते. तिनं सही केली.

पैशाची तेवढी भूक नव्हती. मले आमचं आडनाव त्या भिंतीवर पाह्याचं होतं. माझी शाळा चौथीपर्यंत, पण आडनाव वाचता येते. दर बाजाराले टोपली पायरीखाली ठेवून मी ते पाहून येत होतो. नात घरी मेथीच्या जुड्या बांधत होती. त्या बाजाराले तेवढी ती माझ्यासंग आली होती.

तं त्या दिवशी लोक हसले, अन् नातीनं माझ्याकडं पाह्यलं. मी शेठले सुनवायची वेळ होती ती. मी तिलेच म्हणलं, "चाल घरी."

घरी आल्यावर ती एकच बोलली. "आबा, शेठनं मले बाहेर नाही ठेवलं. तुमी ठेवलं."

सकाळी मी दुकानात गेलो. चप्पल न काढता काउंटरच्या आत गेलो, जन्मात पहिल्यांदा. स्टूल ओढला, चढलो, फ्रेम काढली. शेठ धावत आला. आधी भाडं वाढवतो म्हणाला. मंग दुकानाले कुलूप लागन म्हणून हात जोडले. मंग खरं तोंड उघडलं.

"या तालुक्यात हिले कोण उभं करते तेच पाहतो."

"तू पाहत बस," मी म्हणलं. खिळाही उपटून घेतला.

मंग आम्ही बुलढाण्याची गाडी धरली. त्या दुकानाशी आता माझा संबंध नाही, असं नातीनं औषधाच्या सरकारी ऑफिसात लिहून दिलं. जाता-येता ती खिडकीजवळ, फ्रेम माझ्या मांडीवर.

आता ती शेगाव-खामगावची दुकानं विचारून राह्यली. दोघा मालकांनी तिले तेच विचारलं, नुसता कागद देता काय. ती नाही म्हणून उठून आली. माझ्याशी कामापुरतं बोलते. मी जास्त मागत नाही. फ्रेम काढली म्हणजे केलेलं पुसलं जात नाही.

सून, तिची माय, म्हणाली, फ्रेम घरात लावा, शोभन. मी नाही म्हणलं. तो खिळा माझ्या बंडीच्या खिशात आहे. ज्या काउंटरमागं ती सोता उभी राहीन, तिथंच तो ठोकल्या जाईन. तोवर ही फ्रेम कोणत्याच भिंतीवर चढणार नाही. आमच्याही नाही.