मामांनी रंगवलेला पॅनल

सौंसरहून लोधीखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर माझ्या मामांची संत्री निवडायची शेड आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला, आणि याला इंजिनिअरिंगलाच घाला असा हट्ट धरला तो मामांनी. शेडचा इलेक्ट्रिक पॅनलही त्यांनी माझ्याकडूनच करून घेतला.

मी तो जीव लावून केला. मोटरींच्या जाड तारा एका बाजूला, वजनकाट्याची बारीक तार दुसऱ्या. मोटरींचा वेग सांभाळणारा ड्राइव्ह आसपासच्या तारांत विजेचा गोंधळ पसरवतो. म्हणून काट्याच्या तारेवर तांब्याची जाळी होती आणि ती पॅनलच्या कोऱ्या पत्र्याला धातूच्या पट्टीने घट्ट दाबली होती. गोंधळ जाळीतून पत्र्यात, तिथून जमिनीत.

दसऱ्यानंतर मामांचा फोन आला. संत्री वाहून नेणारा पट्टा सुरू झाला की काट्याचे आकडे नाचत होते. आंबिया बहाराचा माल येऊ लागला होता, आणि एका शेतकऱ्याने सगळ्यांदेखत विचारलं होतं, "भाऊ, हा काटा संत्री तोलून राहिला का मोटर?" तो आपले क्रेट टेम्पोत चढवून परत गेला. मामांच्या काट्यावर आजवर कोणी शंका घेतली नव्हती.

मी नागपूरहून सकाळच्या बसने आलो. वीज बंद करून पॅनल उघडला. तारा जिथल्या तिथे होत्या, पण आतला पत्रा शेंदरी ऑइलपेंटने चमकत होता. दसऱ्याच्या पूजेसाठी मामांनी पट्टी खोलून रंग दिला होता आणि वाळल्यावर ती पुन्हा तशीच कसली होती.

"बाहेरून रंगवाव अन् आतून तसंच ठेवाव का?" मामा म्हणाले. "तुह्या हातची पेटी हाय."

मला रागावताच येईना. मधे रंग आल्यामुळे जाळी पत्र्याला लागतच नाही, एवढंच सांगितलं. मामा स्वतःच पॉलिश पेपर घेऊन आले. पट्टीखालचा रंग मी खरवडला, पट्टी कसली, पट्टा सुरू केला. काट्यावरच्या क्रेटचं वजन जागचं हललं नाही.

मामांनी लगेच त्या शेतकऱ्याला फोन करून समोर उभं राहून तोलायला बोलावलं. दुपारी तो आला, आकड्याकडे बराच वेळ बघत राहिला आणि म्हणाला, "आता मोटर उपाशी राहिली म्हणा." मग त्याने टेम्पो रिकामा केला.

यंदाच्या दसऱ्यालाही पॅनल आतून ताजा शेंदरी होता. फक्त पट्टी मामांनी खोलली नव्हती. तिच्याभोवती कागदी चिकटपट्टी लावून त्यांनी कडेकडेने ब्रश फिरवला होता.