दिवाळीआधीचा धडा

केकाण सर हजेरी घेताना गावात नसलेल्या पोरांचीही नावं घेत. नाव घेतलं की रिकाम्या बाकाकडे बघत थांबत, मग पुढचं नाव. शिरूर कासारच्या आमच्या कॉलेजातला अर्धा वर्ग दिवाळीनंतर आईबापांबरोबर ऊसतोडीला जायचा, त्यामुळे ही हजेरी फार लांबायची.

"सर, नाहीत त्यांना हाक कशाला?" मी विचारलं.

"जागा धरून ठेवावी लागती, बाई," ते दमलेल्या आवाजात म्हणाले. त्यांचा आवाज सकाळपासूनच दमलेला असे.

मी तेव्हा नुकतीच शिकवायला लागले होते. एम.एस्सी.ला पहिली, अकलेत शेवटून पहिली. वेळापत्रक माझ्याकडे आलं. पेशीत डीएनएची नक्कल कशी सुरू होते, हा अवघड धडा सर दरवर्षी दिवाळीआधीच घेत. मी तो पुस्तकाच्या क्रमानं डिसेंबरात टाकला.

"तवा कुणाला शिकिवणार? बाकाला?"

"सर, शास्त्राला क्रम असतो." हे मी मान ताठ करून म्हणाले होते. आठवलं की अजून स्वतःला चिमटा काढावासा वाटतो. डिसेंबरात सात पोरांसमोर मी रंगीत खडूंनी सुरेख आकृत्या काढल्या. त्यातली तिघं झोपली.

वर्गातली सगळ्यांत हुशार रुक्मिणी तेव्हा तेलगावकडं तोडणी करत होती. एका रविवारी सर म्हणाले, "चला बाई, तुमचा धडा पोचवून येऊ." एसटीनं गेलो. ऊसतोड्यांच्या कोप्यांपुढं, म्हणजे झोपड्यांपुढं, पाचटावर ते कण्हत बसले आणि रुक्मिणीला म्हणाले, "डीएनए म्हंजी उसाचा लई लांब फड. एका टोकानं तोडीत बसलं तर जन्म जाईल. म्हणून हजारो जागी काम धरायचं. प्रत्येक जागी आधी ओआरसी नावाचं प्रथिन जाऊन बसतं. ते म्हंजी आपला मुकादम. मग सीडीसी-सिक्स आन् सीडीटी-वन येतात आन् एमसीएमच्या दोन कड्या आणून बसवतात. जोडी."

"कोयता!" रुक्मिणी म्हणाली. तिकडं नवराबायकोच्या जोडीलाच कोयता म्हणतात.

"बराबर. पण बसली म्हंजी निघाली, असं न्हाई. दुसरी प्रथिनं शिट्टी मारतात, तवा जोडी दोन दिशांना सुटती."

"मुकादम त्याच फडात परत जोडी लावीत न्हाई का?"

"न्हाई. शिट्टीनंतर जेमिनिन येऊन सीडीटी-वनला धरून ठेवतं. नवी जोडी बसूच देत न्हाई."

तिची आई मोळी बांधता बांधता म्हणाली, "तोडल्या फडात परत कोण जातंय, सर?"

मी गुपचूप सगळं वहीत उतरवलं. पुढं तीस वर्षं हेच शिकवलं, आपलंच असल्यासारखं.

निघताना रुक्मिणीचा बाप म्हणाला, "कशाला तरास घेता सर? पुढल्या साली तिचं लगीन. एकटी पोर म्हंजी अर्धा कोयता."

सर बराच वेळ चप्पल शोधत राहिले. मग म्हणाले, "पाव्हणं, जोडी बसवा. शिट्टी तेवढी पोरीला मारू द्या. दोन वर्सं थांबा."

बाप हसला. सर पुढच्या रविवारी पुन्हा गेले, त्याच्या पुढच्याही. शेवटी बापच कंटाळला. "घ्या दोन वर्सं, पण येऊ नका आता," म्हणाला. रुक्मिणी बी.एस्सी. झाली. पेढा हातात घेऊन सर एवढंच म्हणाले, "एक झाली, बाई. बाकीच्या?" पेढा त्यांनी खाल्ला नाही.

गेल्या चैत्रात सर गेले. गुडघे कुरकुरत मी त्यांच्या घरच्यांना भेटायला गेले, तर अंगणात रुक्मिणी. आता ज्युनिअर कॉलेजात शिकवते, केस पिकलेत. म्हणाली, "बाई, तुमी तो धडा डिसेंबरात टाकला नसता, तर सर आमच्या कोपीवर आलेच नसते."

एवढ्या वर्षांत माझ्या मूर्खपणाचे आभार मानणारी ही पहिलीच. तिला विचारलं, "तू कधी घेतेस गं तो धडा?"

"दिवाळीआधी," ती म्हणाली. "तरी वर्ग रिकामा व्हतोच, बाई. हजेरी लई लांबती."