कौसाआजीचा उजवा पाय

आमच्या घराण्याने एका बाईला सत्तर वर्षं ढोंगी म्हटलं. त्यात मीही होते.

आज तिला जाऊन नऊ वर्षं झाली, म्हणून लिहिते आहे. घरच्यांना आवडणार नाही. नको आवडू दे.

कौसाआजी ही माझ्या बाबांची आत्या. पातूरला आमचा भाजीपाल्याचा आणि फुलांचा मळा. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं, राज्य इंग्रजांचं. पंधरा वर्षांची कौसा वांग्यांची टोपली डोक्यावर घेऊन बाजाराला निघाली की सोबतच्या बाया मागे पडायच्या.

तिचं लग्न ठरलं होतं. मुलगा तेल्हाऱ्याचा.

त्याच हिवाळ्यात ती विहिरीच्या पायऱ्यांवर घसरली. कंबर सुजली. आठ दिवसांत सूज उतरली, पण उजवा पाय उठेना. मागे ओढत न्यावा लागायचा.
"माहा पाय मले माहा वाटतच नाई," म्हणायची.

बैलगाडीतून अकोल्याला नेलं. नागपूरहून शिकून आलेला डॉक्टर. त्याने टाचण्या टोचल्या, गुडघ्यावर हातोडी मारली, हात धुतले.
"हाड चांगलं, नस चांगली. पोरगी सोंग करते. लग्न नको असेल. लावून द्या, आपोआप चालेल."

लग्न नको असेल!

ऐंशीच्या घरात असताना तिने मला लाजत सांगितलं होतं, "मले तं तो पोरगा लय आवडला होता वं."

मग घरचे उपाय सुरू झाले. आधी मिरच्यांची धुरी. मग तापलेल्या विळ्याने पोटरीवर डाग. एक नाही, तीन. मी ते लहानपणी बोटाने चाचपायची. "हे काय आजी?" "काई नाई, जुनं हाय."

आणि मग माझे आबाजी. तिचा सख्खा मोठा भाऊ. ज्यांच्या फोटोला आमच्या घरी रोज हार असतो, ते.

ती मळ्यात बसून झेंडू ओवत होती. त्यांनी मागून येऊन मेलेला साप तिच्या मांडीवर टाकला.

कौसा उठली आणि धावली. दोन्ही पायांवर. थेट जांबाच्या झाडापर्यंत.

तिथे तिच्या लक्षात आलं. ती हसायला लागली. ओरडली, "माय! पाहा! मी चालली! बरी झाली मी!"

आईने येऊन तिच्या थोबाडीत मारली.

"इतके दिवस आमाले नाचवलं, रांडे?"

त्या क्षणी पाय पुन्हा गेला. तो गेलाच.

गोष्ट तेल्हाऱ्यापर्यंत पोचली. ढोंगी सून कोणाला हवी? सोयरीक मोडली. कौसाआजी भावाच्या घरी बसून हार ओवत राहिली. आम्ही मुलं तिच्या मागे पाय ओढत चालायचो. सगळ्यांत हुबेहूब मी करायची. पाहुण्यांसमोर करून दाखवायची. आई हसायची.

मग मी फिजिओथेरपी शिकायला अमरावतीला गेले.

एक दिवस सरांनी एक पेशंट दाखवली. शाळेतली शिक्षिका, डावा पाय चालत नव्हता, सगळे रिपोर्ट नॉर्मल. सरांनी तिला आडवं झोपवून लुळ्या पायाच्या टाचेखाली हात ठेवला आणि म्हणाले, "आता चांगला पाय उचला." तिने तो उचलला, आणि लुळी टाच आपोआप सरांच्या हातावर जोराने दाबली गेली.

सर तिलाच म्हणाले, "बघा, ताकद आहे. नस तुटलेली नाही. मेंदूचा निरोप वाटेत अडकतो. तुम्ही मुद्दाम करत नाही. लक्ष दुसरीकडे गेलं की निरोप पोचतो, त्याच वाटेने आपण शिकवणार."

मग तिला उलटं चालवलं. चेंडू झेलत आडवं चालवलं. ती चालली. आणि रडली.

साप पाहून धावलेली पंधरा वर्षांची पोर तेव्हा हेच तर दाखवत होती. सगळ्या घराला.

रविवारी एसटीने पातूरला गेले. आजीच्या टाचेखाली हात ठेवला.
"आजी, डावा पाय उचल."
टाच दबली. ऐंशी ओलांडलेल्या पायात होती तेवढी ताकद माझ्या तळहाताला लागली.

मी तिला सगळं समजावलं.
"म्हंजे मी सोंग नव्हती करत?"
"नाही आजी."
"मले बी कदी कदी वाटे, आपनच करून राहिलो का काय."
मग म्हणाली, "आता सांगू कोनाले? सारे मेले."

तिचे हात धरून मी तिला अंगणात उलटी चालवली. सात पावलं. त्याहून जास्त जमलं नाही. गुडघा आखडलेला, पोटरी वाळलेली. इतकी वर्षं न वापरलेल्या पायाला कुठलाही व्यायाम पुरा पडत नाही. दोन वर्षं मी सुट्टीत जायची. मग ती गेली.

तेराव्याला माझी काकू म्हणाली, "बाई मोठी नाटकी, पन हार काय ओवे!"
पंगत हसली.
मी, डिग्रीवाली फिजिओथेरपिस्ट, मान खाली घालून जेवत राहिले. एक शब्द बोलले नाही. याची मला अजून किळस येते.

गेल्या महिन्यात मोर्शीची एक कॉलेजची मुलगी क्लिनिकवर आली. उजवा हात लुळा. आधीच्या डॉक्टरच्या चिठ्ठीत लिहिलेलं, 'काही नाही, अटेन्शन हवंय.'
आई म्हणाली, "मॅडम, झोपेत चालते हात इचा. नखरे हायेत."
मी आईला समोर बसवलं आणि अर्धा तास बोलले. आवाज चढला माझा. रिसेप्शनवरची मुलगी डोकावून गेली.

परवा ती पोर स्वतःच्या हाताने वेणी घालून आली. मला आनंद व्हायला हवा होता. मी बाथरूममध्ये जाऊन तोंडावर पाणी मारत उभी राहिले.

कौसाआजी, तुला समजून घ्यायला फार उशीर केला आम्ही. माफी मागायचं तोंड नाही.

नमस्कार तेवढा घे.